वीणेकऱ्याचा धर्म आणि धंद्यातील पुढारीपण

वारकरी हा घरदार सोडलेला माणूस नव्हे. तो शेतीवाडीचा, दुकानदारीचा, हातात हत्यार धरून पोट भरणारा संसारी माणूस आहे. वर्षाकाठी वीस-पंचवीस दिवस तो वाटेवर असतो. उरलेले दिवस बाजारात, पेढीवर, कारखान्यात किंवा कचेरीत असतो. तेव्हा त्याचा परमार्थ कितपत अंगात मुरला आहे याचा निवाडा चंद्रभागेच्या वाळवंटात पुरता होत नाही. तो होतो गल्ल्यावर. वाळवंटात सगळेच एकमेकांच्या पाया पडतात. गल्ल्यावर बसल्यावर समोरच्या हमालात पांडुरंग दिसतो का, हा खरा प्रश्न आहे.

पुष्कळ माळकरी मंडळी एक शंका नेहमी विचारतात. 'वारीत आम्ही लहानथोर सगळ्यांना माउली म्हणतो. पण दुकानात दहा माणसं हाताखाली आहेत. तिथे माउली म्हणून कसं चालेल? कुणाला रागवावं लागतं, कुणाचा रोज कापावा लागतो, कुणाला नाही म्हणावं लागतं. तिथे धनीच व्हावं लागतं. मग धनीपण आणि सेवेकरीपण एका अंगात नांदायचं कसं?'

शंका खोटी नाही, आणि तिला 'सगळे देव पाहून घेईल' असे मोघम उत्तर देऊन भागणारही नाही. म्हणून या पाठात आम्ही धंद्यातील पुढारीपणाची लक्षणे पाहणार आहो. पुढारी म्हणजे केवळ मोठा कारखानदार असे समजू नये. दोन गडी हाताखाली असलेला वाणी, चार माणसांचा मुकादम, सोसायटीचा चेअरमन, बचत गटाची अध्यक्ष असलेली बाई, हे सगळे पुढारीच. ज्याच्या शब्दावर दुसऱ्याच्या घरची चूल पेटते किंवा विझते, तो पुढारी.

वीणा कोणाची?

या शंकेचे उत्तर शोधायला आपल्याला दूर जायला नको. दिंडी डोळ्यांसमोर आणा. सर्वांत पुढे पताका घेतलेले लोक, मग दोन्ही बाजूंनी टाळकरी, त्यांच्यामध्ये मृदंग, आणि या सगळ्यांच्या मागे वीणेकरी. दिंडीत मान त्याचा. तो उभा राहिला की दिंडी उभी राहते. पण त्याची जागा कुठे? पुढे नव्हे, मागे. मागे का? कारण पुढे चालणाऱ्याला मागचा थकला की कोलमडला हे दिसत नाही. मागून चालणाऱ्याला सगळी दिंडी दिसते.

आता सप्ताहातला पहारा आठवा. अखंड वीणा चालू असते. एकाचा पहारा संपला की दुसरा येतो, वीणेला नमस्कार करतो, ज्याच्या गळ्यात ती आहे त्याच्या पाया पडतो, आणि वीणा आपल्या गळ्यात घेतो. ज्याने दिली तो लगेच खाली वाकून घेणाऱ्याच्या पाया पडतो. म्हणजे क्षणापूर्वी ज्याला नमस्कार होत होता, तोच आता नमस्कार करणारा झाला. असे का? कारण नमस्कार माणसाला नव्हताच, वीणेला होता. ज्याला हे उमगले तो वीणा देताना कष्टी होत नाही, आणि गळ्यात असताना ताठतही नाही. मात्र पहारा आहे तोवर वीणा खाली ठेवायची नाही, झोप आली तरी बसायचे नाही. एवढा कडक नेम.

सज्जनहो, धंद्यातले धनीपण असेच आहे. वीणा खाली ठेवायची नाही, आणि माझी म्हणायची नाही. या दोहोंपैकी एक सुटले तरी घात होतो. 'माझी नाही' म्हणून जो खाली ठेवतो, तो आळशी. त्याच्या हाताखालची माणसे उपाशी मरतात. 'खाली ठेवत नाही' म्हणून जो कवटाळून बसतो, तो लोभी. त्याच्या हाताखालची माणसे पिळून निघतात. धनीपण आणि सेवेकरीपण एकत्र कसे नांदते याचे उत्तर हे इतके सोपे आहे. करायला मात्र सोपे नाही. म्हणून त्याची पाच लक्षणे एकेक करून पाहू.

पहिले लक्षण : तागडीचा धडा

महाभारताच्या शांतिपर्वात जाजली नावाच्या तपस्व्याची कथा आहे. त्याने एवढे घोर तप केले की पक्ष्यांनी त्याच्या जटांत घरटे बांधले, अंडी घातली, पिले वाढून उडून गेली, तरी तो हलला नाही. मग त्याच्या मनात आले, 'माझ्यासारखा धर्म जाणणारा कोण आहे?' तेव्हा त्याला ऐकू आले की वाराणसीतल्या तुलाधार वाण्याची सर तुला नाही. जाजली तडक वाराणसीला गेला. पाहतो तर तुलाधार आपल्या दुकानात बसून माल विकतो आहे! तो ना जटाधारी, ना वनवासी. त्याने या तपस्व्याला धर्म शिकवला. काय शिकवले? तर आपली तागडी सर्वांना सारखी आहे. कोणाचा लोभ नाही, कोणाचा द्वेष नाही. कोणाला न दुखवता किंवा कमीत कमी दुखवून जगणे हीच आपली वृत्ती. जंगलातल्या तपस्व्याला वाण्याच्या दुकानात धर्म शिकायला पाठवावे, यातच व्यासांनी काय ते सांगून टाकले आहे.

जुन्या दुकानदारांना 'धडा' हा शब्द ठाऊक आहे. माल घालण्यापूर्वी दोन्ही पारडी रिकामी असताना समतोल करून घ्यायची, त्याला धडा करणे म्हणतात. धडा चुकला की पुढची सगळी वजने खोटी. मग शेर खरा असून उपयोग नाही. पुढाऱ्याचेही तसेच आहे. दिवसाचे काम सुरू होण्यापूर्वी मनाचा धडा झाला पाहिजे. घेताना एक माप आणि देताना दुसरे, आपल्या जातीच्या गड्याला एक न्याय आणि परक्याला दुसरा, तोंडपुज्याला रजा आणि मुकाट काम करणाऱ्याला दटावणी, हे सारे धडा न केलेल्या मनाचे तोल आहेत. शेतकऱ्याचा माल घेताना कडत्याच्या नावाखाली पोत्यामागे चार मुठी जास्त घ्यायच्या आणि संध्याकाळी हरिपाठाला जाऊन बसायचे, हे दोन वेगळ्या माणसांचे काम नाही. एकाच माणसाचे आहे, आणि देवाला तो एकच माणूस दिसतो.

इथे माळेचा विषय काढणे भाग आहे. गळ्यातली तुळशीची माळ पाहून गिऱ्हाईक तागडीकडे बघत नाही. 'माळकरी आहेत, मापात पाप करणार नाहीत' असे म्हणून तो पाठ फिरवतो. हा विश्वास त्या दुकानदाराने कमावलेला नाही. तो शेकडो वर्षांच्या संतांनी आणि त्यांच्या पावलावर चाललेल्या लाखो गरीब माळकऱ्यांनी कमावला आहे. त्या विश्वासाच्या आडून जो चार पैसे जास्त घेतो, तो गिऱ्हाइकाला फसवतो ते फसवतोच, शिवाय ज्ञानोबा-तुकोबांच्या नावावर उधारी करतो. ही उधारी फेडायला त्याच्या सात पिढ्या पुरणार नाहीत. माळ ही दुकानाची पाटी होऊ देऊ नये. उलट माळ गळ्यात आहे म्हणून पारडे गिऱ्हाइकाकडे किंचित झुकते असावे.

दुसरे लक्षण : हिशेब

सेवाभाव म्हणजे ढिलाई, असा एक गैरसमज आपल्यात आहे. 'देवाचं काम आहे, हिशेब कसला मागता?' असे म्हणणारे उत्सवाचे पंच पुष्कळ गावी भेटतात. त्यांनी नाथमहाराजांचे चरित्र आठवावे.

एकनाथमहाराज देवगिरीला जनार्दनस्वामींच्या सेवेत होते. स्वामी किल्ल्याचे अधिकारी, आणि हिशेबाचे काम नाथांकडे. परंपरा सांगते की एके दिवशी जमाखर्चात एका पैची चूक येईना-जाईना अशी अडकली. नाथ रात्रभर दिव्यापाशी वह्या घेऊन बसले. पहाटेच्या सुमारास चूक सापडली आणि आनंदाने त्यांनी टाळी वाजवली. स्वामी जागे होऊन पाहतात तो शिष्य एका पैसाठी रात्रभर जागलेला! स्वामी म्हणाले की एका पैच्या चुकीचा शोध लागल्यावर एवढा आनंद, तर जन्माची चूक सापडल्यावर केवढा होईल; हेच चित्त आता देवाकडे लाव.

या कथेचा पुढचा भाग आपण कीर्तनात नेहमी ऐकतो. पण मागचा भाग विसरू नये. ज्याला पैची चूक सोसवत नव्हती, त्यालाच स्वामींनी परमार्थाला लायक ठरवले. सेवेकरी पुढाऱ्याची वही उघडी असते. मजुराला त्याचा हजेरीपट पाहता येतो, सभासदाला खतावणी पाहता येते, भागीदाराला विचारल्यावाचून उत्तर मिळते. जिथे 'साहेबांना विचारा' म्हणून वही झाकली जाते, तिथे वीणा माझी म्हणण्याला सुरुवात झाली असे खुशाल समजावे.

तिसरे लक्षण : टाळ वाजू देणे

आषाढीच्या वाटेवर माउलींच्या पालखीची समाजआरती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पुढील गोष्ट नवी नाही. पण तिचा अर्थ आम्हांला फार मोलाचा वाटतो.

मुक्कामाच्या तळावर सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोलाकार उभ्या राहतात. टाळमृदंगाचा कल्लोळ चालू असतो. चोपदार चांदीचा दंड वर करतात, एक आरोळी होते, आणि एवढा मोठा मेळा एका क्षणात चूप होतो. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती टाळ थांबवीत नाही. हजारोंच्या शांततेत तेवढाच एक टाळ वाजत राहतो. मग चोपदार त्या दिंडीकडे जातात. काय झाले? पाणी मिळाले नाही? चालण्याच्या क्रमात कोणी घुसले? जागेवरून तंटा झाला? ऐकून घेतात आणि निवाडा होतो. त्यानंतर वाटेत हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, दुसऱ्या दिवशी निघण्याची वेळ सांगितली जाते, आणि मग आरती होते.

लक्षात घ्या, तक्रारीचा टाळ थांबल्याशिवाय देवाची आरती होत नाही! आपल्या पूर्वजांनी केवढा थोर कायदा लिहून न ठेवता चालता केला! दुःखी माणसाला सगळ्यांदेखत टाळ वाजवण्याचा हक्क दिला. टाळ वाजवला म्हणून त्या दिंडीला कोणी दंड करीत नाही, सोहळ्यातून काढून टाकीत नाही, 'शिस्त मोडली' म्हणत नाही. टाळ वाजवणे हीच शिस्त.

आता आपल्या कारखान्याकडे, दुकानाकडे पाहा. तिथे कोणाला टाळ वाजवता येतो? 'आमच्याकडे कुणाची तक्रारच नाही' असे जे धनी अभिमानाने सांगतात, त्यांनी जरा मनाशी विचार करावा. तक्रार नाही म्हणून शांतता आहे, की वाजवणाऱ्याचे टाळ हिसकावून घेतले म्हणून शांतता आहे? ज्या ठिकाणी हाताखालचा माणूस धन्याच्या तोंडावर 'मालक, हे चुकतंय' म्हणू शकतो आणि दुसऱ्या दिवशीही त्याची नोकरी शाबूत असते, त्या ठिकाणचा धनी वीणेकरी आहे.

चौथे लक्षण : जागा देता येणे

अहिल्यानगर जिल्ह्यात, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, प्रवरेच्या खोऱ्यात लोणी हे गाव आहे. तिथले विठ्ठलराव विखे पाटील हे शेतकऱ्याचे पोर, शाळा थोडकीच शिकलेले. ऊस शेतकऱ्याने पिकवावा, साखर दुसऱ्याने करावी आणि भावही त्यानेच ठरवावा, हे त्यांना सलत होते. शेतकऱ्यांनी आपल्याच मालकीचा कारखाना काढावा म्हणून ते गावोगाव हिंडले. ज्यांच्या घरी दोन वेळची भ्रांत होती अशांपाशी भागभांडवल मागायचे, हे काम सोपे नव्हे. लोकांनी पैसे दिले ते कागद वाचून नव्हे, माणूस पाहून दिले. 1950–51 च्या हंगामात लोणीच्या सहकारी कारखान्याचे गाळप सुरू झाले, आणि महाराष्ट्रात पुढे जे शेकडो सहकारी कारखाने उभे राहिले त्यांची वाट तिथून निघाली.

आता आम्हांला जे सांगायचे ते हे. या कारखान्याचे पहिले अध्यक्ष विठ्ठलराव नव्हते. अध्यक्ष होते अर्थशास्त्राचे पंडित धनंजयराव गाडगीळ, आणि विठ्ठलराव उपाध्यक्ष. उन्हातान्हात पायपीट करून ज्याने माणसे गोळा केली, त्याने पहिली खुर्ची अधिक जाणत्याला दिली. गाडगिळांनीही पुण्याच्या आपल्या संस्थेत बसून नुसता सल्ला धाडला नाही; शेतकऱ्यांमध्ये येऊन जबाबदारी उचलली. एकाजवळ लोकांचा विश्वास, दुसऱ्याजवळ विद्या. 'मोठा कोण' या वादात दोघे पडले असते तर धुराडे उभे राहिले नसते.

दुसरे उदाहरण मुंबईचे. 1959 साली गिरगावात सात बायका एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला बसल्या. भांडवल किती? उसने आणलेले 80 रुपये. हाच पुढे लिज्जत पापडाचा श्री महिला गृहउद्योग झाला. त्यांनी सुरुवातीलाच काही नेम ठरवले: कोणाची देणगी घ्यायची नाही, मालात उत्तम-मध्यम असा भेद ठेवायचा नाही, हिशेब चोख ठेवायचा. आणि सर्वांत मोठा नेम असा की लाटणारी प्रत्येक बाई ही बहीण आणि बहीण हीच मालकीण. पुढे हजारो बायका त्यात आल्या, त्याही नोकर म्हणून नव्हे, बहिणी म्हणून. सात जणींनी 'आम्ही सात मालकिणी, बाकीच्या मोलकरणी' असे म्हटले असते तर कोण अडवणार होते? त्यांनी वीणा गळ्यात घेतली ती पुढच्या बाईला देण्यासाठी.

याची उलटी बाजूही सांगितली पाहिजे. सहकाराच्या याच वाटेने निघालेले काही कारखाने पुढे कर्जात बुडाले, शेतकऱ्यांची उसाची बिले थकली, कामगारांचे पगार राहिले. यंत्रे तीच होती, ऊसही तोच होता. मग काय बिघडले? कारणे अनेक सांगतात, दुष्काळाची, भावाची, सरकारी धोरणाची. तीही खरी असतील. पण कितीएक ठिकाणी वीणेकऱ्याने वीणा घरी नेऊन खुंटीला टांगली, हेही खरे.

पाचवे लक्षण : दुष्काळाचे वर्ष

वर सांगितलेली चारही लक्षणे चांगल्या वर्षी दाखवता येतात. पाऊस बरा, बाजार तेज, गल्ला भरलेला. तेव्हा उदार होणे फारसे अवघड नाही. खरी पारख होते ती वाईट वर्षी. म्हणून हे पाचवे लक्षण आम्ही सर्वांत वर मानतो.

आपले तुकोबाराय हे देहूच्या महाजनांच्या घरचे. घरात वाण्याचा धंदा, सावकारी, गावात मान. 1630 च्या आसपास महाराष्ट्रात भयंकर दुष्काळ पडला. माणसे अन्नावाचून रस्त्यात मेली, गावे ओस पडली. महाराजांच्या घरीही तेच झाले. पहिली पत्नी गेली, मुलगा गेला, धंदा बसला, दिवाळे निघाले. अशा वेळी घरात एकच गोष्ट शिल्लक होती: लोकांकडून येणे असलेल्या पैशांची कर्जखते. सावकाराच्या दृष्टीने पाहिले तर तोच आता जगण्याचा आधार. दुष्काळ सरला की कुळे पुन्हा उभी राहतील, कागद दाखवून वसूल करता येईल, जमिनी घेता येतील. दुष्काळानंतर सावकार अधिक श्रीमंत होतो तो याच वाटेने.

परंपरा सांगते की महाराजांनी ती खते इंद्रायणीत बुडवली. पण एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात राहत नाही. त्यांनी सगळी खते बुडवली नाहीत. धाकटे बंधू कान्होबा यांचा अर्धा वाटा त्यांना दिला, आणि आपल्या वाट्याची तेवढी पाण्यात सोडली. किती बारीक विवेक आहे पाहा! दुसऱ्याच्या पैशावर त्यांनी दानशूरपणा केला नाही. त्याग करायचा तो स्वतःच्या वाट्याचा. आज पुष्कळ ठिकाणी उलटे दिसते. मंदी आली की त्याग मजुराकडून मागितला जातो: 'यंदा अडचण आहे, पगार थोडा उशिरा होईल.' धन्याच्या घरच्या लग्नाचा मांडव मात्र तसूभरही लहान होत नाही. तुकोबारायांचा कित्ता असा की दुष्काळाची पहिली झळ वीणेकऱ्याने सोसावी.

ही गोष्ट संतांना साधते, व्यापाऱ्याला नाही, असे कोणी म्हणेल. म्हणून एका कारखानदाराचे उदाहरण देतो.

जमशेटजी टाटा यांनी 1877 साली नागपुरात एम्प्रेस मिल ही कापडाची गिरणी सुरू केली. ती गिरणी आज चालू नाही, पण तिथे झालेले काम विसरण्यासारखे नाही. 1886 साली तिथे कामगारांसाठी पेन्शनचा फंड निघाला, आणि 1895 पासून कामावर इजा झालेल्याला भरपाई मिळू लागली. सरकारचा भरपाईचा कायदा आला 1923 साली, आणि प्रॉव्हिडंट फंडाचा 1952 साली. म्हणजे कायद्याच्या अगोदर धर्म चालत गेला. पुढे त्यांच्या मुलांनी जमशेदपूरला पोलादाचा कारखाना काढला, तिथे 1912 सालीच आठ तासांचा दिवस ठरवला. तेव्हा तशी सक्ती करणारा कायदा नव्हता.

पण आम्ही सांगतो आहो ते वाईट वर्षाबद्दल. पहिले महायुद्ध संपल्यावर परदेशी पोलाद स्वस्तात येऊ लागले, कारखान्याच्या वाढीसाठी काढलेले कर्ज डोक्यावर होते, आणि 1924 साली अशी वेळ आली की कामगारांचा पगार द्यायला पैसा उरला नाही. कारखाना बंद होणार अशी बोलवा उठली. तेव्हा जमशेटजींचे थोरले चिरंजीव सर दोराबजी टाटा यांनी आपली स्वतःची सगळी मालमत्ता, सुमारे एक कोटी रुपयांची, इंपीरियल बँकेकडे गहाण टाकली. त्यात त्यांच्या पत्नी मेहेरबाई यांचे दागिनेही होते. त्या काळचे एक कोटी! बँकेने कर्ज दिले, पगार झाले, आणि कारखाना हळूहळू सावरला. कंपनी बुडाली तर कायद्याने त्यांच्या घरच्या दागिन्यांना कोणी हात लावू शकत नव्हता. कायद्याने जे वाचत होते ते त्यांनी आपण होऊन पुढे केले.

आम्ही कोणाला देव करीत नाही. त्या कारखान्यातही मजुरांचे संप झाले, कुरबुरी झाल्या. माणसाचा संसार म्हटला की ते आलेच. पण एवढे खरे की झळ लागली तेव्हा धन्याने प्रथम आपले घर पुढे केले. 1932 साली दोराबजी वारले. आपली संपत्ती त्यांनी आधीच विश्वस्त निधीला देऊन ठेवली होती. त्या निधीतून 1941 साली परळला कर्करोगाचे टाटा हॉस्पिटल उभे राहिले. आपल्या खेड्यापाड्यांतली कितीतरी माणसे तिथल्या दाराशी जाऊन बरी होऊन आली आहेत. पारशी कुटुंबाने गहाण टाकून सोडवलेले धन शेवटी कोणाच्या कामी आले, ते तिथल्या बाकड्यावर बसलेल्या रोग्यांना विचारावे.

एक आक्षेप

'हे सगळं ठीक आहे; पण असं वागलं तर धंदा बुडेल,' असे म्हणणारे लोक भेटतात. त्यांना उत्तर दोन प्रकारचे आहे.

पहिले उत्तर व्यवहाराचे. वर सांगितलेली उदाहरणे बुडालेल्यांची नाहीत. ज्या धन्यावर माणसांचा विश्वास असतो, त्याच्या अडचणीत माणसे पळून जात नाहीत. रात्र करून काम उरकतात. ज्या दुकानाची तागडी खरी, त्याला गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. विश्वास ही अशी पुंजी आहे की ती बँकेत मिळत नाही आणि वाटल्याने कमी होत नाही.

परंतु या उत्तरावरच थांबू नये. 'खरेपणाने नफा होतो म्हणून खरे वागा' असे शिकवणारी पुस्तके हल्ली पुष्कळ निघतात. त्यांत अर्धेच सत्य आहे. नफ्यासाठी धरलेला खरेपणा नफा दिसेनासा झाला की सुटतो. भिंतीवर लिहिलेले सुविचार तसेच राहतात आणि खाली खोटी बिले फाडली जातात. म्हणून दुसरे उत्तर आपल्या मार्गाचे. तुकोबारायांचे दिवाळे निघाले, हे आपण लपवीत नाही. व्यवहारात त्यांना तोटा झाला. पण कर्जखते पाण्यात गेल्यावर देहूच्या कितीतरी घरांतली माणसे त्या रात्री निर्धास्त झोपली असतील! तोटा झाला तरी चालेल पण वीणेला बट्टा लागू द्यायचा नाही, एवढी तयारी ज्याच्या मनाची झाली, त्याचाच सेवाभाव खरा. पैसा मिळवू नका असे महाराज सांगत नाहीत. तो कोणत्या वाटेने घरात आला, आणि जाताना आपल्याला बांधून तर गेला नाही ना, एवढे पाहायला सांगतात.

आता नेम कोणता धरावा?

ऐकून सोडून द्यायचे तर पाठ कशाला? म्हणून ज्यांच्या हाताखाली माणसे आहेत त्यांनी येत्या एकादशीपासून थोडके चार नेम धरून पाहावेत.

एक, सकाळी दुकान किंवा कारखाना उघडताना देवापुढे उदबत्ती लावतोच. तेव्हा मनाचा धडा करावा. आज कोणाचे माप मी चुकवणार तर नाही ना, असे क्षणभर विचारावे.

दोन, मजुराचा पैसा ठरल्या दिवशी द्यावा. आपल्या घरचा खर्च त्यानंतर काढावा.

तीन, आठवड्यातून एकदा हाताखालच्या सर्वांना एकत्र बसवून 'कोणाचा टाळ वाजतो आहे का?' असे विचारावे. आणि वाजला तर रागावू नये. पहिले काही आठवडे कोणी बोलणार नाही. भीती एका दिवसात जात नाही. तरी विचारणे सोडू नये.

चार, आपल्यामागे काम कोण सांभाळील, हे आजच ठरवून त्याला शिकवायला लागावे. तो आपला मुलगाच असला पाहिजे असे नाही. पहारा कधी संपेल हे वीणेकऱ्याला ठाऊक नसते.

शेवटी एवढेच. आळंदीला माउलींच्या महाद्वारात एक पायरी आहे, तिला आपण हैबतबाबांची पायरी म्हणतो. हैबतबाबा आरफळकर हे शिंद्यांच्या पदरचे सरदार. त्यांनी 1832 च्या सुमारास माउलींच्या पादुका पालखीत घालून आजचा हा सोहळा सुरू केला. लाखोंचा मेळा ज्यांच्या घालून दिलेल्या शिस्तीने आजही चालतो, त्यांच्याइतका मोठा पुढारी कोण? पण त्यांना जागा मिळाली ती सिंहासनाची नव्हे, पायरीची. पंढरीच्या महाद्वारात नामदेवरायांचीही पायरीच आहे. कार्तिकीचा सोहळा आळंदीत सुरू होतो तो हैबतबाबांच्या पायरीच्या पूजेने. आधी पायरी, मग गाभारा.

आपल्या दुकानात, कारखान्यात, सोसायटीत आपण पायरी झालो, आणि आपल्यावर पाय देऊन चार माणसे वर चढली, तर त्याहून मोठे धनीपण पांडुरंगाकडे मागण्यासारखे उरत नाही. ती बुद्धी त्याने आपणां सर्वांना द्यावी, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.

रामकृष्णहरी!